‘कॉम्प्रेशन एकदम टाइट आहे’: जुनी आउटबोर्ड मोटार घेण्यापूर्वी

जुनी आउटबोर्ड मोटार, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचे इंजिन, विकायला काढलेला माणूस वर्सोव्याचा असो, माहीमचा असो की ट्रॉम्ब्याचा, ‘कॉम्प्रेशन एकदम टाइट आहे’ हे वाक्य त्याच्याकडून हमखास ऐकायला मिळते. कॉम्प्रेशन म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते. बहुतेक वेळा तो खोटे बोलत नसतो. मोटार सुरू करायची रस्सी ओढताना हाताला जो विरोध जाणवतो, त्यावरून त्याने हे मत बनवलेले असते, आणि वर्षानुवर्षे एकाच मोटारीची रस्सी ओढणाऱ्याच्या हाताला इंजिन ढिले पडल्याचे कळतेही. मात्र दोन सिलिंडरांच्या इंजिनात एक धडधाकट आणि दुसरा पाचव्या हिश्शाने कमकुवत असेल, तर तो फरक रस्सीवरून ओळखणे जवळपास अशक्य असते. आणि नेमका तोच फरक खरेदी करणाऱ्याला पुढे महागात पडतो.

काही विक्रेते आकडाही सांगतात. मध्यंतरी एका नाखव्याने मला सांगितले, “काका, एकशेवीस आहे, कालच बघितलंय.” मी विचारले, “नाखवा, मशीन गरम होतं की थंड? आणि वरच्या सिलिंडरचं एकशेवीस की खालच्याचं?” त्यावर त्याने शांतपणे दोन्ही प्लग काढून माझ्या हातात दिले आणि “तुम्हीच बघा” म्हणाला. माझ्या मते कोणत्याही विक्रेत्याने द्यावे असे हे सर्वांत सरळ उत्तर होते. माझी सारी नोकरी इंजिनांच्या वर्कशॉपमध्ये गेल्यामुळे ओळखीपाळखीचे लोक मोटार बघायला मला सोबत नेतात, आणि त्या निमित्ताने वारंवार सांगावे लागणारे मुद्दे येथे एकत्र लिहीत आहे. आपल्या किनाऱ्यावर लहान होड्यांना लागणाऱ्या ८ ते ४० अश्वशक्तीच्या कार्बोरेटरवाल्या टू-स्ट्रोक मोटारी डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे. फोर-स्ट्रोकबद्दल शेवटाकडे थोडे लिहिले आहे.

प्रथम आपण नेमके काय मोजतो ते पाहू. पिस्टन वर जाताना सिलिंडरमधली हवा दाबली जाते आणि प्लगच्या जागी बसवलेल्या गेजवर तो दाब दिसतो. टू-स्ट्रोकमध्ये ही दाबण्याची क्रिया पिस्टन तळाशी असल्यापासून सुरू होत नाही. एक्झॉस्ट पोर्ट (धूर बाहेर जाण्याचे सिलिंडरच्या भिंतीतले भोक) पिस्टनने पूर्ण झाकल्यानंतरच हवा अडकते आणि तिथून दाब वाढू लागतो. समजा त्या क्षणापासूनचे कॉम्प्रेशन गुणोत्तर ६.५ आहे, म्हणजे हवा साडेसहा पट कमी जागेत कोंबली जाते. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १४.७ पीएसआय (चौरस इंचाला पौंड) असतो. हवा दाबताना ती मुळीच तापली नाही असे धरले, तर गेजवर सुमारे ८१ पीएसआय दिसायला हवेत. प्रत्यक्षात आकडा त्याहून बराच वर जातो, कारण झटकन दाबलेली हवा तापते. सायकलला हवा भरताना पंपाचे बूड हाताला गरम लागते, ते याच कारणाने. उलट पिस्टनभोवतीच्या रिंगांच्या फटीतून थोडी हवा निसटते आणि सिलिंडरची थंड भिंत उष्णता ओढून घेते, त्यामुळे उष्णतेने आकडा जितका वर जायला हवा तितका तो जात नाही. गेजवरचा आकडा हा या सगळ्या ओढाताणीचा परिणाम असल्यामुळे इंजिन किती वेगाने फिरवले, ते किती तापलेले होते, थ्रॉटल (आत येणारी हवा कमीजास्त करणारी झडप) उघडे होते की नाही आणि रिंगांवर तेल किती होते, या प्रत्येक गोष्टीने तो बदलतो. मुंबईत एक गोष्ट मात्र सोपी आहे: आपण समुद्रसपाटीलाच उभे असल्यामुळे उंचीची वजाबाकी करावी लागत नाही.

आपल्याकडे या तपासणीत आणखी एक स्थानिक अडचण येते, ती म्हणजे पावसाळा. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, मोटारी उतरवून घरात किंवा ताडपत्रीखाली ठेवलेल्या असतात, आणि नारळी पौर्णिमेच्या आधी ज्याला मोटार विकायची असेल तो ती याच दिवसांत विकायला काढतो. टू-स्ट्रोक इंजिन बंद असताना बहुधा कोणते ना कोणते पोर्ट उघडे राहते, आणि त्यातून मुंबईची ती दमट, खारट हवा थेट सिलिंडरच्या भिंतीपर्यंत पोहोचते. तेलाचा थर ओघळून गेलेला असेल तर रिंगा कोरड्या पडतात, बोअरवर (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर) तांबूस पट्टा धरतो, आणि अशा थंड इंजिनाचे रीडिंग घेतले तर चांगली मोटारही भिकार वाटू शकते. याच्या उलट, एखाद्या काळजी घेणाऱ्या मालकाने पावसाळ्यासाठी प्लगच्या भोकातून भरपूर तेल सोडून ठेवले असेल, तर ते तेल रिंगांच्या फटी बुजवते, वरची मोकळी जागाही थोडी व्यापते, आणि रीडिंग वाजवीपेक्षा जास्त येते. मालकाने हे मोटार जपण्यासाठी केलेले असते आणि त्यात लबाडी नसते. पण तोच उपाय कोणी मुद्दाम, खरेदीदार येण्याच्या अर्धा तास आधीही करू शकतो. दोन्ही बाबतीत इलाज एकच: मोटार आधी चालवून घ्यावी आणि मग मोजावी.

म्हणून पोहोचल्याबरोबर पहिले काम म्हणजे झाकण काढून सिलिंडर हेडवर हात ठेवणे. हेड थंड असले पाहिजे. आपण येण्याआधीच मोटार गरम करून ठेवलेली असेल, तर ती थंड अवस्थेत किती रस्सी ओढल्यावर सुरू होते हे कळण्याची संधी गेली, आणि ती संधी कॉम्प्रेशनच्या आकड्याइतकीच मोलाची असते. हात ठेवतानाच हेडच्या बोल्टांकडे पाहावे. कारखान्याचा रंग बोल्टांच्या कडांवर अखंड असेल तर हेड कधी उघडलेले नाही. रंग उडालेला, पान्याचे ओरखडे पडलेले असतील तर ते उघडले गेले आहे, आणि का उघडले हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. रीबोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करून, मोठ्या मापाचे पिस्टन टाकले असतील तर त्यात गैर काही नाही, पण ते माहीत असले पाहिजे. सिलिंडरजवळचा रंग एका जागी करपून तपकिरी झालेला किंवा फुगलेला दिसला तर मोटार कधीतरी सडकून तापली होती असे समजावे. सगळी मोटार कालच रंगवल्यासारखी चकचकीत असेल तर यातले काहीच दिसत नाही, आणि मला अशा मोटारींपेक्षा कळकट मोटारींवर अधिक भरवसा वाटतो.

त्यानंतर मोटार पिंपात गोडे पाणी घेऊन चालवावी. पाणी खालच्या भागातल्या जाळीच्या बरेच वर असले पाहिजे. कोरडी मोटार क्षणभरही चालवू नये, कारण पाण्याच्या पंपातला रबरी इंपेलर (पाकळ्यांचे चाक) पाण्यावाचून घासून निकामी होतो. मोटार मंद गतीवर पाच-दहा मिनिटे चालू द्यावी. या वेळात मागून पाण्याची धार जोरात येते का, ती हाताला कोमट लागते का, हेही पाहून होते. ही चाचणी बंद खोलीत करू नये, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो.

आता गेजविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण येथेच बहुतेक गफलती होतात. मोटारसायकलच्या गॅरेजमध्ये सापडणारा रबरी शंकूचा गेज, जो प्लगच्या भोकावर हाताने दाबून धरायचा असतो, तो आउटबोर्डवर वापरू नये. आउटबोर्डचा क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, उभा असतो, सिलिंडर एकावर एक आडवे असतात आणि प्लग मागच्या बाजूला तोंड करून असतात. पुढून एक जण रस्सी ओढत असताना मागून दुसऱ्याने तो शंकू एकसारख्या जोराने दाबून धरणे हे काम भरवशाचे नाही, आणि जरा हवा निसटली की रीडिंग पडते. आट्याचा, म्हणजे प्लगसारखा फिरवून बसणारा गेजच घ्यावा. या वर्गातल्या बहुतेक मोटारींच्या प्लगचे आटे १४ मिलिमीटरचे असतात, पण काही लहान मोटारींना १० मिलिमीटरचा प्लग येतो, म्हणून दोन्ही मापांचे अडॅप्टर जवळ असावेत. अडॅप्टरच्या आट्यांची लांबी मूळ प्लगच्या आट्यांपेक्षा जास्त नसावी, नाहीतर त्याचे टोक आत डोकावते आणि पिस्टन त्यावर आपटू शकतो. प्लग शेजारी धरून डोळ्यांनी लांबी ताडून पाहणे एवढेच पुरेसे आहे.

याहून कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे गेजच्या नळीतला व्हॉल्व्ह. दाब कोंडून ठेवणारा हा लहानसा व्हॉल्व्ह, टायरच्या व्हॉल्व्हसारखाच, नळीच्या इंजिनाकडच्या टोकाला असायला हवा. तो गेजच्या बाजूला असेल, तर दर स्ट्रोकला संपूर्ण नळीतली हवाही दाबावी लागते. म्हणजे सिलिंडरची वरची मोकळी जागा तेवढ्याने वाढल्यासारखे होते. मोठ्या गाडीच्या सिलिंडरला त्याने फारसा फरक पडत नाही, पण ८ किंवा १० अश्वशक्तीच्या मोटारीच्या इवल्याशा सिलिंडरला पडतो आणि रीडिंग ठळकपणे कमी येते. म्हणूनच दोन वेगवेगळ्या गेजांच्या आकड्यांची तुलना करू नये, आणि विक्रेत्याच्या गेजवर विसंबण्यापेक्षा स्वतःचा, ओळखीचा झालेला गेज सोबत न्यावा. तो दोन-चार पीएसआयने चुकत असला तरी प्रत्येक सिलिंडरसाठी सारखाच चुकेल.

मोटार गरम झाली की बंद करून सर्व प्लग काढावेत. एकच प्लग काढून चालत नाही, कारण बाकीच्या सिलिंडरांचा विरोध राहिला तर इंजिन हळू फिरते. काढलेले प्लग कोणत्या सिलिंडरचे ते लक्षात राहील अशा क्रमाने ठेवावेत. वरून पहिला तो एक नंबर. प्लगच्या टोकावर अॅल्युमिनियमचे बारीक चकचकीत कण दिसले तर पिस्टन वितळायला लागल्याची ती खूण आहे, आणि मग पुढची चाचणी केवळ उपचार म्हणून करावी. मनगटाला बांधायच्या दोरीची क्लिप काढून इग्निशन बंद करावे आणि शिवाय प्लगच्या वायरी इंजिनाच्या धातूला टेकवून अर्थ कराव्यात. मोकळ्या सोडलेल्या वायरीला ठिणगी टाकायला जागा मिळाली नाही तर ठिणगी देणारे इलेक्ट्रॉनिक सीडीआय युनिट जळण्याचा धोका असतो, आणि जागा मिळाली तर धोका आणखी मोठा असतो: उघड्या भोकांतून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जात असते. पेट्रोलचा पाइपही टाकीपासून सोडवून ठेवावा, आणि आसपास कोणी विडी ओढत असेल तर त्याला विनम्रपणे दूर पाठवावे.

थ्रॉटल पूर्ण उघडे असणे ही सर्वांत अधिक विसरली जाणारी अट आहे. थ्रॉटल बंद असेल तर हवा आत येण्याची वाटच अरुंद राहते आणि रीडिंग खोटे कमी येते. येथे आउटबोर्डची स्वतःची एक खोड आहे: पुष्कळ मोटारींत न्यूट्रलमध्ये असताना हँडल एका मर्यादेपलीकडे फिरतच नाही, आणि गिअरमध्ये टाकले तर स्टार्टर अडवला जातो. त्यामुळे हँडल शेवटपर्यंत फिरवल्याचे समाधान मानून न राहता कार्बोरेटरची झडप स्वतः डोळ्यांनी पाहावी आणि ती पूर्ण उघडलेली नसेल तर जोडदांडीला बोटाने ढकलून उघडी धरावी. चोकही उघडा आहे याची खात्री करावी.

मग गेज बसवून रस्सी ओढावी. सेल्फ-स्टार्ट असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली हवी, कारण मरगळलेली बॅटरी पहिल्या सिलिंडरला जोर देते आणि शेवटच्याला देत नाही, आणि दोष मात्र शेवटच्या सिलिंडरवर येतो. रस्सी असेल तर एकाच माणसाने, एकसारख्या जोरदार झटक्यांनी ती ओढावी. चार ते सहा झटक्यांत काटा थांबतो. काटा थांबेपर्यंत ओढायचे आणि सर्व सिलिंडरांसाठी तितकेच झटके द्यायचे. इंजिन उलट दिशेने हाताने फिरवू नये, इंपेलरच्या पाकळ्या उलट वळतात. पहिल्याच झटक्याला काटा कुठवर गेला याकडेही लक्ष ठेवावे. निरोगी सिलिंडरमध्ये तो एकदम अर्ध्याच्या पुढे उडी घेतो आणि नंतरच्या झटक्यांत थोडाथोडा चढून स्थिरावतो. रिंगा झिजलेल्या असतील तर पहिली उडी लहान असते आणि काटा रडतखडत वर चढत राहतो. अंतिम आकडा दोघांचा जवळजवळ सारखा येऊ शकतो, म्हणून केवळ शेवटचा आकडा लिहून घेणाऱ्याच्या नजरेतून ही गोष्ट निसटते. पहिला फेरा झाला की दुसरा फेरा घ्यावा; दोन फेऱ्यांत एकाच सिलिंडरचे आकडे जुळत नसतील तर आपल्या पद्धतीतच काहीतरी चुकते आहे.

आता आकड्यांचा अर्थ. आपल्याकडचे कारागीर किलोमध्ये बोलतात. १०० पीएसआय म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे ७ किलो. लहान टू-स्ट्रोक मोटारींत साधारण ९० ते १३० पीएसआयच्या दरम्यान रीडिंग आढळते, पण हा पट्टा इतका रुंद आहे की त्यावरून एखाद्या विशिष्ट मोटारीचा निवाडा करता येत नाही. खरा निकष म्हणजे सिलिंडरांमधला फरक, आणि तो सर्वांत मोठ्या आकड्याच्या १० टक्क्यांच्या आत असावा. १५ टक्क्यांपलीकडे गेला तर इंजिन उघडावे लागणार असे धरून चालावे. उदाहरणार्थ, वरचा ११८ आणि खालचा ९६ असेल तर फरक २२ चा, म्हणजे जवळजवळ १९ टक्के. विक्रेता ‘दोन्ही नव्वदच्या वर आहेत’ म्हणेल, आणि ते खरेही असेल, पण ही मोटार मी चालू मोटारीच्या भावाने घेणार नाही. दुसऱ्या एका मोटारीत १०४ आणि १०२ आले तर ती मला पहिलीपेक्षा कितीतरी बरी वाटेल. तिचे दोन्ही सिलिंडर सारखे झिजले आहेत, म्हणजे ती फक्त वापरली गेली आहे. पहिलीत काहीतरी घडले आहे.

काय घडले असेल याचा अंदाज प्लगच्या भोकातून डोकावून पुष्कळसा बांधता येतो. मोबाइलला जोडता येणारा बारीक कॅमेरा आता सहज मिळतो, आणि गेजनंतर मी सर्वांत जास्त भरवसा त्याच्यावर ठेवतो. बोअरवर पिस्टनच्या चालीच्या दिशेने खोल रेघा असतील तर पिस्टन घासला आहे. एकाच सिलिंडरमध्ये असे झाले असेल तर त्याच्या कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल जाण्याचे बारीक भोक) तुंबून त्याला पेट्रोल, आणि त्याबरोबर तेलही, कमी मिळाले असण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी नुसते पिस्टन बदलून भागत नाही, जेट साफ केल्याशिवाय नवे पिस्टनही त्याच वाटेने जाते. पिस्टनचे डोके काजळीने काळे असणे स्वाभाविक आहे, पण एकाच पिस्टनचे डोके घासून धुतल्यासारखे स्वच्छ दिसले तर त्या सिलिंडरमध्ये पाणी शिरत आहे, बहुधा हेड गॅस्केटमधून (हेडखालच्या हवाबंद करणाऱ्या पत्रीतून). शेजारशेजारचे दोन्ही सिलिंडर कमी दाखवत असतील तरी संशय त्यांच्यामधल्या गॅस्केटवरच जातो. रेघा नाहीत, गंज नाही, तरीही रीडिंग कमी आहे, असे असेल तर काजळीने रिंगा खाचेत चिकटल्या असू शकतात. पाण्याने थंड होणाऱ्या आउटबोर्डला टीसी-डब्ल्यू ३ प्रतीचे, राख न सोडणारे तेल लागते. स्वस्त पडते म्हणून स्कूटरचे टू-टी तेल टाकणाऱ्यांच्या मोटारींत असे होताना दिसते. कार्बन काढण्याचा फवारा मारून रिंगा कधीकधी मोकळ्या होतात आणि रीडिंग वरही येते, पण तो प्रयोग विक्रेत्याने विकण्यापूर्वी करावा, आपण विकत घेतल्यानंतर नव्हे.

रॉकेलवर चालणाऱ्या मोटारींचा हिशेब वेगळा असतो. रॉकेल पेट्रोलपेक्षा फार लवकर ठोका देते, म्हणजे दाबाखाली आपोआप भडकते, म्हणून या मोटारींचे कॉम्प्रेशन गुणोत्तर कारखान्यातूनच कमी ठेवलेले असते. त्या पेट्रोलवर सुरू करायच्या, तापल्यावर रॉकेलवर घ्यायच्या आणि बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणायच्या, असा त्यांचा रिवाज असतो. अशा मोटारीचे रीडिंग शेजारच्या पेट्रोल मोटारीपेक्षा कमी आले म्हणून ती थकलेली ठरत नाही. याच्या उलट प्रकार अधिक चिंतेचा: मूळची पेट्रोलची मोटार रॉकेलची भेसळ करून चालवलेली असेल, तर ठोक्यांनी पिस्टनच्या कडा आणि रिंगांचे कप्पे तुटू शकतात. टाकीचे झाकण उघडून वास घेण्यात संकोच करू नये.

कमी रीडिंग आले की चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजण्याची जुनी रीत सर्वांना ठाऊक आहे: तेलाने आकडा वाढला तर रिंगा खराब, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. मोटारगाडीच्या उभ्या सिलिंडरांसाठी ती ठीक आहे. आउटबोर्डचे सिलिंडर आडवे असल्यामुळे तेवढेसे तेल पिस्टनभोवती सगळीकडे पसरत नाही, खालच्या बाजूला साचते, आणि टू-स्ट्रोकमध्ये ते पोर्टांतून निघूनही जाते. म्हणून टू-स्ट्रोक आउटबोर्डवर या चाचणीच्या निकालाला मी फारशी किंमत देत नाही.

फोर-स्ट्रोक मोटारींत एक वेगळीच गंमत असते. रस्सी हलकी जावी म्हणून काहींच्या कॅमशाफ्टवर एक यंत्रणा बसवलेली असते, जी सुरू करतानाच्या मंद गतीला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उघडा धरते. साहजिकच रीडिंग हास्यास्पद कमी येते आणि मोटार मात्र ठणठणीत असते. अशा मोटारीसाठी लीक-डाउन चाचणी उत्तम. पिस्टन वरच्या टोकाला आणून, फ्लायव्हील फिरणार नाही असे रोखून, सिलिंडरमध्ये बाहेरून हवा सोडायची आणि किती टक्के निसटते ते पाहायचे. शिवाय ती कुठून निसटते हे कानाला कळते: कार्बोरेटरमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, एक्झॉस्टमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, तेल भरायच्या भोकातून आली तर रिंगा. कॉम्प्रेसर लागत असल्यामुळे ही चाचणी बंदरावर होत नाही, पण महाग फोर-स्ट्रोक घ्यायची असेल तर ती वर्कशॉपमध्ये नेऊन करून घेण्याचा खर्च वसूल होतो.

इतके सगळे करूनही कॉम्प्रेशन ज्याबद्दल चकार शब्द काढत नाही अशा गोष्टी बऱ्याच आहेत. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या खाली, क्रँककेसमध्येही एक दाब तयार व्हावा लागतो. क्रँककेसमध्ये हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या रीड व्हॉल्व्हची पाती तुटली असतील किंवा क्रँकशाफ्टचे सील गेले असतील, तर वरचे रीडिंग सुरेख येऊनही मोटार मंद गतीवर अडखळते आणि नीट सुरू होत नाही. बेअरिंगांची खडखड गेजवर दिसत नाही. आणि आपल्या खाड्यांमध्ये चालणाऱ्या मोटारींचे आयुष्य पुष्कळदा रिंगांपेक्षा पाण्याच्या वाटाच आधी संपवतात: ओहोटीच्या गढूळ पाण्यातला गाळ इंपेलरला खाऊन टाकतो, आणि गोड्या पाण्याने न धुतलेल्या मोटारीत थर्मोस्टॅटच्या आसपास मीठ दगडासारखे साचते. पंप कमजोर झाला की मोटार तापते, तापली की पिस्टन घासतो. म्हणजे आज चांगले असलेले कॉम्प्रेशन पुढच्या हंगामात कसे असेल हे मागून येणाऱ्या पाण्याच्या धारेवरून अधिक कळते. गिअर तेलाचा खालचा स्क्रू किंचित सैल करून दोन थेंब बोटावर घ्यावेत. ते दुधासारखे पांढरट असेल तर सीलमधून पाणी आत गेले आहे. मोटारीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारी झिंकची वडी शिल्लक आहे का आणि तिच्यावर कोणी रंग तर फासला नाही ना, हेही पाहावे, कारण रंगवलेली वडी काहीच काम करत नाही.

व्यवहार ठरला तर मी मार्करने झाकणाच्या आतल्या बाजूला चार गोष्टी लिहून ठेवायला सांगतो: तारीख, प्रत्येक सिलिंडरचा आकडा, इंजिन गरम होते की थंड, आणि गेज कोणाचा. पुढच्या मे महिन्यात, मोटार पावसाळ्यासाठी उतरवण्यापूर्वी, तोच गेज आणून तशीच गरम मोटार पुन्हा मोजायची. कारखान्याचे पुस्तक हाती नसलेल्या जुन्या मोटारीसाठी झाकणाखालचे हे आकडेच पुढच्या प्रत्येक रीडिंगशी ताडून पाहायला उपयोगी पडतात, आणि उद्या ती विकायची वेळ आली तर घेणाऱ्यालाही तेच दाखवता येतात.